कॉटन ग्रीनचा समुद्र: मुंबईच्या दोन किनाऱ्यांची गोष्ट

आजचा आपला विषय तसा सुट्टीचा आहे. चौपाटी, समुद्रावरचं फिरणं, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन जाण्याच्या जागा. मुंबईत पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी आपण त्याला समुद्रावर नेतो. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू. आता ही यादी नकाशावर मांडून बघा. सगळ्या जागा पश्चिमेला. मुंबई तर मुळात बेट. बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं. मग पूर्वेचा समुद्र कुठे गेला? हा प्रश्न घेऊन आज आपण एका स्टेशनावर उतरणार आहोत, त्याचं नाव कॉटन ग्रीन.

हार्बर लाइनवरचं हे छोटं स्टेशन. एका बाजूला काळाचौकी, अभ्युदय नगर, पुढे लालबाग. दुसऱ्या बाजूला गोदामं. स्टेशनापासून पूर्वेला खाडीचं पाणी जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. पण या भागात जन्म घालवलेल्या माणसाला विचारा, समुद्र कुठाय? तो हात पश्चिमेकडे करील. चौपाटीला जायचं तर बस धरायची, किंवा गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरून पुढे चालायचं. पाठीमागे समुद्र आहे हे त्याला माहीत असतं, पण तो "पोर्ट ट्रस्टचा" असतो. हे असं का झालं, याचं उत्तर स्टेशनाच्या नावातच आहे. तेव्हा आधी नाव बघू.

"ग्रीन" म्हटलं की आपल्याला हिरवा रंग आठवतो. स्टेशनाजवळची कापूस बाजाराची जुनी इमारत हिरवट दिसते, म्हणून हे नाव पडलं असंही लोक सांगतात. तसं नाही. इंग्रजीत गावातल्या मोकळ्या मैदानाला "ग्रीन" म्हणायची पद्धत होती. मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, सेंट थॉमस चर्चच्या समोर असं एक मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. कापसाच्या गाठी तिथे उघड्यावर रचल्या जात. तिथेच सौदे, तिथेच वजनं, तिथेच भांडणं. म्हणून ते झालं कॉटन ग्रीन, कापसाचं पटांगण. आज त्या जागी हॉर्निमन सर्कल आहे.

पुढे गाठी वाढल्या, आगीची भीती वाढली, कोट अपुरा पडायला लागला. १८३८ मध्ये कुलाब्याला जोडणारा रस्ता, म्हणजे कॉजवे, झाला होता. १८४४ च्या सुमाराला कापसाचा बाजार कुलाब्याला गेला आणि जाताना नावही घेऊन गेला. कुलाब्याचं कॉटन ग्रीन जवळजवळ ऐंशी वर्षं टिकलं. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बाजार पुन्हा हलला आणि शिवडीच्या दक्षिणेला, समुद्र बुजवून केलेल्या नव्या जमिनीवर आला. नाव तेच, कॉटन ग्रीन. म्हणजे या नावाने मुंबईत तीन घरं केली. तिसऱ्या घरी आलं तेव्हा पटांगणही नव्हतं आणि हिरवळही नव्हती. होती ती पक्की गोदामं आणि रेल्वेचे रूळ. हिंडणाऱ्या नावामागे हिंडणारा माल असतो, आणि माल जिथे जातो तिथला किनारा तो ताब्यात घेतो. आजच्या व्याख्यानाचं सूत्र म्हटलं तर एवढंच.

आता निसर्गाचा भाग आधी प्रामाणिकपणे मांडायला हवा. सगळा दोष माणसाच्या माथी मारता येणार नाही. मुंबईचे दोन किनारे जन्मतःच वेगळे. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र. लाटा थेट येऊन आपटतात, चिखल टिकत नाही, खडक आणि वाळू राहते. पूर्वेला खाडी. समोर उरण-न्हाव्याचा किनारा, मध्ये घारापुरी, त्यामुळे पाणी शांत. शांत पाण्यातला गाळ खाली बसतो, चिखलाची मैदानं तयार होतात, त्यांच्या कडेला खारफुटी वाढते. मुंबईत मोठी भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, आणि ओहोटीला पूर्वेचं पाणी इतकं मागे जातं की नुसता काळा चिखल चमकत राहतो. वाळूत लोळायचं, लाटेत उड्या मारायच्या, हे पश्चिमेलाच शक्य. जहाज नांगरायचं तर पूर्वेलाच. एवढं निसर्गाने ठरवलं.

पण पूर्वेच्या किनाऱ्यावर माणसाने फिरकूच नये, हे काही निसर्गाने ठरवलेलं नव्हतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईची रम्य बाजू म्हणजे पूर्वच होती. माझगाव आंब्यांसाठी प्रसिद्ध होतं, श्रीमंतांचे बंगले माझगाव-भायखळ्याला होते, गव्हर्नरसाहेब परळला राहात. शिवडीच्या टेकडीवर इंग्रजांनी १६८० च्या सुमाराला किल्ला बांधला तो खाडीवर नजर ठेवायला. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तो शिवडीलाच उतरला. ती भीती ओसरल्यावर किल्ल्याखालचा किनारा निवांत झाला. १८३० च्या दशकात शिवडीला शेती-बागायत मंडळाची वनस्पती बाग होती. पुढे १८६५ मध्ये ती जागा आर्थर क्रॉफर्डच्या काळात ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली. आजही शिवडी दफनभूमीतली जुनी झाडं बघून तिथे कधीकाळी बाग असावी असं वाटतं, ते उगाच नाही.

याउलट पश्चिमेची बॅकबे त्या काळात काय होती? कोळ्यांच्या होड्या, नारळाची वाडी, आणि शहराची स्मशानं. सोनापूर, चंदनवाडी ही नावं त्याच किनाऱ्याची. पहाटे लोक तिथे प्रातर्विधीला जात. म्हणजे १८५० च्या सुमाराला कुणी मुंबईकराला "हवा खायला" कुठे जाऊ असं विचारलं असतं, तर त्याने माझगाव-परळची दिशा दाखवली असती. चाळीस-पन्नास वर्षांत हे चित्र साफ उलटं झालं. उलटं केलं कापसाने.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडच्या दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड, जिथे मिळेल तिथला कापूस मुंबईला यायला लागला. भाव आभाळाला भिडले. हाती आलेल्या पैशाचं काय करायचं? समुद्र बुजवायचा! प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती बॅकबे कंपनी आणि तिचे शेअर. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चं, म्हणजे नेमक्या या धामधुमीतलं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, १ जुलैला मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला, कंपन्या बुडाल्या. बुडाल्या त्या कंपन्या. भराव मात्र राहिला.

पूर्वेच्या बाजूला एल्फिन्स्टन कंपनी नावाच्या खासगी कंपनीने बंदराचा बराच किनारा भराव घालून ताब्यात घेतला होता. शहराचं बंदर एका खासगी कंपनीच्या मुठीत जाणार, ही सरकारला धास्ती. म्हणून सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. हे नीट लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला याच मुद्द्यावर परत यायचं आहे. किनारा खासगी हातात जाऊ नये म्हणून सार्वजनिक संस्था काढली. हेतू चांगलाच होता. पण "सार्वजनिक" म्हणजे जनतेला मोकळं, असा अर्थ मात्र त्यात नव्हता. सार्वजनिक म्हणजे व्यापाराला मोकळं.

मग एकामागून एक गोद्या झाल्या. ससून डॉक त्याआधी खासगीत सुरू झालेला, १८७५ चा. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४ चा. आणि १९०८ ते १९१२ या काळात माझगाव-शिवडीचा मोठा भराव झाला, ५८३ एकरांचा. आज आपण कॉटन ग्रीन म्हणतो त्या भागाचा पाया हाच. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली, वडाळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत. वऱ्हाडातून निघालेली गाठ वॅगनमधून थेट गोदामात आणि गोदामातून थेट जहाजावर, अशी सोय झाली.

१९२१ मध्ये पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखाली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली, आणि काही वर्षांतच कॉटन ग्रीनला तिची ती ऐसपैस इमारत उभी राहिली. इथे तयार मालाचे सौदे होत. दलाल गाठीतून कापूस उपसायचा, बोटांत धरून धागा ओढायचा, त्यावरून लांबी ठरवायची आणि भाव बोलायचा. वायद्याचा बाजार काळबादेवीला, प्रत्यक्ष कापूस कॉटन ग्रीनला, अशी वाटणी होती. आणि गंमत बघा. ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेवरची आगगाडी धावली, ती व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत, याच हार्बर लाइनने. म्हणजे देशातली सगळ्यात आधुनिक गाडी समुद्राच्या काठाकाठाने जात होती, आणि तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. दिसत होत्या गोदामांच्या भिंती.

या भिंतींच्या पलीकडच्या जागांची नावं ऐका. लाकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हाजी बंदर, दारूखाना. दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचा साठा. पुढे तिथे जुनी जहाजं तोडण्याचा धंदा वाढला, पण नाव दारूखानाच राहिलं. पश्चिमेला चौपाटी, पूर्वेला बंदर. एका बाजूच्या नावात वाळू, दुसऱ्या बाजूच्या नावात माल. आपले पूर्वज जागांना नावं ठेवताना फार विचार करत नसतील, पण खोटं नाव सहसा ठेवत नसत.

आता कुणी म्हणेल, गिरणगावातल्या माणसाचा पूर्वेच्या समुद्राशी काहीच संबंध नव्हता का? होता, आणि फार जवळचा होता. पण तो फिरायचा समुद्र नव्हता, गावी जायचा होता. लालबाग-परळच्या चाळींत रत्नागिरीची, मालवणची, देवगडची माणसं. कोकणात रेल्वे नव्हती. शिमग्याला, गणपतीला गावी जायचं तर बोट. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा भाऊचा धक्का हा या माणसांसाठी गावाचा उंबरठाच होता. ट्रंका, वळकट्या, कडेवर पोर, आणि डेकवर जागा मिळवण्याची धडपड. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. त्या पिढीच्या कोकणी घरांत पावसाळ्यातल्या समुद्राचं नाव निघालं की म्हातारी माणसं गप्प होत. पूर्वेच्या समुद्राशी असं नातं होतं. गरजेचं, भीतीचं, ओढीचं. करमणुकीचं नव्हे.

आणि भीतीचा आणखी एक प्रसंग त्याच किनाऱ्यावरचा. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस पेटला, आग दारूगोळ्यापर्यंत गेली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, त्यांत आग विझवायला गेलेले बंबवालेही होते. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. हा स्फोट ज्यांनी ऐकला, त्यांना गोदीचा दरवाजा बंद का असतो हे समजावून सांगावं लागलं नाही. पूर्वेची भिंत आधी मालासाठी होती, नंतर ती धोक्यासाठीही झाली.

आता पश्चिमेकडे वळू. चौपाटी नुसत्या वाळूने होत नाही. चौपाटीला तीन गोष्टी लागतात. सुट्टी, वाहन आणि जाण्याचं कारण.

सुट्टीचं बघा. गिरणीत काम उजाडताना सुरू व्हायचं आणि मावळल्यावर संपायचं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली, मागण्यांचा अर्ज केला, त्यात आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही मागणी होती. सहा वर्षं झगडावं लागलं. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी संध्याकाळी चौपाटीवर मुंगीला जागा नसते. त्या गर्दीतल्या कितीजणांना लोखंड्यांचं नाव माहीत असेल? चौपाटीवर खरं म्हणजे त्यांचाही एक दगड बसवायला हरकत नाही.

वाहनाचं म्हणाल तर १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची. काही पैशांत परळ-भायखळ्याचा माणूस गिरगावकडे पोचायला लागला. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तोवर तिने तीन पिढ्यांना समुद्र दाखवला.

आणि कारण? कारण दिलं ते सार्वजनिक जीवनाने. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव त्याच वर्षीचा. विसर्जनाला समुद्र लागतो, तो चौपाटीवर मिळाला. लोकमान्य टिळकांच्या सभा तिथे झाल्या, आणि १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेल्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार त्याच वाळूत झाले. लाखोंची गर्दी पावसात उभी होती. दादरच्या किनाऱ्याचंही तसंच. ७ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तिथे अंत्यसंस्कार झाले आणि दादरची चौपाटी चैत्यभूमी झाली. आज ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. त्यांतल्या पुष्कळांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो तो तिथेच.

म्हणजे चौपाटी ही नुसती भेळ, कुल्फी, तेलमालीश आणि फुगे फोडायची जागा नाही. ती आहेच, आणि असावीच. पण शहराने आपल्या माणसांना निरोप दिला तो तिथे, आपल्या देवांना निरोप दिला तोही तिथे. वाळूवर कुणाचा दरवाजा नव्हता, म्हणून हे होऊ शकलं. मरीन ड्राइव्हचा इतिहास वेगळा आहे. १९२० च्या दशकातल्या त्या भरावात इतका घोटाळा आणि उधळपट्टी झाली की बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी सरकारचे वाभाडे काढले. तरीही शेवटी, १९४० च्या सुमाराला, समुद्राकाठचा कट्टा लोकांना बसायला मिळाला. त्यावर बसायला कुणी पास मागत नाही.

आता लालबागचा नकाशा समोर आणा. लालबागच्या बाजारात १९३४ मध्ये कोळी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी गणपती बसवला, तो आज लालबागचा राजा. अनंत चतुर्दशीला तो निघतो. पूर्वेचं पाणी त्याच्या मंडपापासून दोनेक किलोमीटरवर. पण तो वळतो दक्षिणेला, भायखळा, पुढे नागपाडा-गोल देऊळ-ऑपेरा हाऊस करत गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो. अख्खी रात्र मिरवणूक चालते. आता पूर्वेला चिखल आहे, मोठी मूर्ती तिथे नेणं अवघडच, हे खरं. पण नुसता चिखल हे कारण धरलं तर अर्धीच गोष्ट कळते. दुसरं अर्धं कारण हे की त्या दिशेला शंभर वर्षं रस्ता गोदामांकडे जातो, पाण्याकडे नाही. लालबागकर मुकाट्याने लांबच्या समुद्राला आपला समुद्र म्हणायला शिकले. दर वर्षी गणपतीची मिरवणूक शहराच्या जमीनवाटपाचा इतिहास चालून दाखवते. आपण ढोल-ताशांच्या नादात तो वाचत नाही, एवढंच.

एक अपवाद नोंदवायला हवा, कारण तो फार मोठा आहे. कॉटन ग्रीनच्या उत्तरेला, वडाळ्याला, मिठागरं होती. १९३० च्या सविनय कायदेभंगात मे महिन्यात तिथे धाडी सुरू झाल्या, आणि १ जूनला सुमारे १५ हजार माणसं वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेली. लाठ्या खाल्ल्या, चिखलातून पळाली, पण मूठभर मीठ घेऊन आली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर सामान्य माणूस हजारोंनी, स्वतःच्या इच्छेने, पाण्यापर्यंत गेला, असे प्रसंग फार थोडे. आणि गेला तो कायदा मोडून.

पुढचा भाग आपल्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोरचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. १९८९ मध्ये समोरच्या काठावर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मालाची जहाजं हळूहळू तिकडे गेली. गिरण्यांना लागणारा कापूस थांबला, बाहेर जाणारा कापूसही थांबला. कॉटन ग्रीनच्या गोदामांत दुसरा माल आला, काही गोदामं नुसती पडून राहिली. हमालीचं काम घटलं. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांनी झगडून मिळवला होता, पण पाठीवर घ्यायला ओझंच उरलं नाही तर कायदा काय करणार?

आणि याच सुमाराला एक पाहुणा आला. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलात हजारोंनी रोहित पक्षी उतरायला लागले. आपण फ्लेमिंगो म्हणतो ते. त्यांना शेवाळ लागतं, उथळ पाणी लागतं, आणि माणसांची ये-जा नको असते. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर शेवाळ फोफावतं, असं अभ्यासक सांगतात. जेट्टीकडे भिंतींमुळे फारसं कुणी जात नव्हतं. शंभर वर्षं जो किनारा आपल्याला बंद होता, त्याच्या बंद असण्यातून ही गुलाबी नवलाई घडली. मग बघणारे आले, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे फ्लेमिंगो महोत्सव भरवला, वर्तमानपत्रांत फोटो आले. पूर्वेच्या किनाऱ्याला पहिल्यांदाच "बघायची जागा" असं नाव मिळालं, आणि तेही चिखलाला!

१२ जानेवारी २०२४ ला शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा. त्या चिखलाच्या मैदानावरूनच तो जातो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, पण ते वर ऐरोली-वाशीकडे. शिवडीचा चिखल त्यात नाही.

आणि आता खरा प्रश्न. पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची मुंबईत सुमारे १८०० एकर जमीन आहे, कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत. बंदराचं काम आक्रसल्यावर या जमिनीचं काय करायचं, हा विचार गेली कित्येक वर्षं चालू आहे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पुढे आराखडेही झाले. समुद्राकाठचा रस्ता, बागा, मरिना, क्रूझ, असं पुष्कळ काही त्यांत बोललं गेलं. मुंबईत इतकी मोकळी होऊ शकणारी जमीन दुसरीकडे कुठे नाही. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते लालबाग-परळला कुणी सांगायला नको. चाळीच्या गॅलरीतून वर मान करून बघितलं की दिसतं.

म्हणून आम्हाला या इतिहासातून एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. १८७३ मध्ये किनारा खासगी हातांतून वाचवला, पण तो लोकांना दिला नाही. आता दुसऱ्यांदा तशीच वेळ आली आहे. हा किनारा उघडेल तेव्हा तो कसा उघडेल? गिरगावच्या वाळूसारखा, जिथे खिशात दहा रुपये असलेला आणि दहा लाख असलेला शेजारी शेजारी बसतात? की तिकीट काढून आत जायच्या जागेसारखा? शिवडी कोळीवाड्याच्या होड्या त्या नकाशात असतील का? दारूखान्यात, बंदरांच्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं असतील का? पर्यटन हवंच. पण ज्याच्या परसात समुद्र आहे त्याला तो आधी दिसला पाहिजे, मग पाहुण्याला.

तोवर जे उघडं आहे ते बघून या, हे आमचं सांगणं. थंडी सरता सरता शिवडीच्या जेट्टीवर जा. मात्र आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब आत असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात. वर किल्ला आहे. त्याच्या तटावरून खाडी, सेतू, तेलाच्या टाक्या आणि चिमण्या एका नजरेत येतात. डॉकयार्ड रोडला जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे, माझगावच्या जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर, काका बॅप्टिस्टांच्या नावाचं. खाली पाण्याची टाकी, वर बाग, आणि समोर सगळी गोदी. या बाजूला समुद्र बघायचा तर अजून टेकडीच चढावी लागते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा. एकेकाळी जिथून कोकणची बोट सुटायची तिथूनच आज मोटारींसकट माणसं अलिबागच्या सुट्टीला जातात. आणि परत येताना कॉटन ग्रीनला उतरून कापूस बाजाराची ती इमारत जरूर बघा. बाहेरूनच बघा, पण दोन मिनिटं थांबून. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा घाम, लालबागच्या कामगाराची पाळी आणि लिव्हरपूलचा भाव या तिन्हींचा हिशेब तिथे व्हायचा.

पाहुण्यांना घेऊन गेलात तर त्यांना हेही सांगा की मुंबईला दोन समुद्र आहेत. एक आपण उपभोगला, दुसऱ्याने आपल्याला पोसलं. पोसणाऱ्याकडे आता तोंड फिरवायची वेळ आली आहे.